प्रार्थनेतून गळालेलं नाव

सलग अकरा संध्याकाळी कृपानं प्रार्थनेत सयाजीचं नाव घेतलं नव्हतं. आज शनिवारी त्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाची उपकारस्तुतीची सभा होती. मांडववाला खुर्च्या टाकून गेला होता, मटण चुलीवर चढलं होतं, चर्चच्या पाळकसाहेबांना पाचची वेळ दिली होती. आणि ज्याच्या लग्नाबद्दल देवाचे उपकार मानायचे, तो नवरदेव सकाळपासून गच्चीवर एकटाच खुर्च्या सरळ करत बसला होता. त्या आधीच सरळ होत्या.

बाहेरच्या माणसाला वाटेल, यात एवढं काय? बायकोनं प्रार्थनेत नाव घेतलं नाही म्हणून कुणाची झोप उडते का? पण विक्रमनगरातल्या सावर्डेकरांच्या घराची तऱ्हाच न्यारी. या घरात नवराबायकोचं जे काही बोलणं व्हायचं, ते देवाच्या मार्फत व्हायचं.

याची सुरुवात मोठी गोड होती. कृपा नवी नवरी म्हणून आली तेव्हा घरात बनाबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं राज्य. सुनेनं चारचौघांत नवऱ्याशी बोलायचं नाही हा त्यांचा कायदा. पण रोज साडेसातला शास्त्राचा एक अध्याय, एक गीत आणि मग प्रत्येकाची मोठ्यानं प्रार्थना हाही त्यांचाच कायदा. देवाशी बोलणाऱ्या सुनेला त्या कशा अडवणार? लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात कृपा डोळे मिटून म्हणाली, "हे स्वर्गीय बापा, चपलेचा अंगठा तुटला आहे, तू सर्व जाणतोस." दुसऱ्या दिवशी सयाजी फौंड्रीतून येताना नवी चप्पल घेऊन आला. त्या संध्याकाळी त्याच्याही प्रार्थनेत "या घरात नव्यानं आलेल्या जिवासाठी" असे शब्द आले, आणि कृपा मिटल्या डोळ्यांनी लाजली.

पुढं मुलं झाली, बनाबाई गेल्या, समोरासमोर बोलायला कुणाची आडकाठी उरली नाही. सवय मात्र राहिली आणि तिच्यातली गोडी हळूहळू आटली. "हे बापा, काही माणसं जेवताना ताटाकडं न बघता मोबाइलकडं बघतात, त्यांना सुबुद्धी दे," कृपा म्हणायची. "हे प्रभू, ज्यांच्या हातून सकाळचा चहा वेळेवर होत नाही, त्यांना बळ दे," सयाजी म्हणायचा. सून संयोगिता पहिलं वर्षभर भाबडेपणानं या सगळ्याला आमेन म्हणायची. आता ती आमेन म्हणायच्या आधी उद्याच्या चहाची वेळ मनात पक्की करायची.

म्हणजे तक्रारीपुरतं का होईना, रोज सयाजीचं नाव निघत होतं. "आणि यांच्यासाठी, प्रभू," असं म्हणून कृपा एक दम घ्यायची, आणि सयाजी मिटल्या डोळ्यांनी सावरून बसायचा. अकरा दिवसांपूर्वी तो असाच सावरून बसला आणि कृपा थेट आमेनवर गेली. पहिल्या दिवशी त्याला वाटलं, विसरली. दुसऱ्या दिवशी वाटलं, अंगात कणकण असेल. तिसऱ्या दिवसापासून तो आपले गुन्हे आठवू लागला. ते बरेच निघाले, पण ताजं त्यात काहीच नव्हतं. सहाव्या दिवशी त्यानं स्वतःच्या गुडघ्यासाठी खणखणीत आवाजात प्रार्थना केली, म्हणजे निदान गुडघ्याच्या निमित्तानं तरी ती नाव घेईल. कृपानं शेजारच्या धनपालशेठच्या मोतीबिंदूसाठी प्रार्थना केली आणि उठली.

"सया, खाली ये की. खुर्च्या काय पळून जात न्हाईत," जिन्यातून आवाज आला. त्याची थोरली बहीण धोंडुबाई सकाळच्या गाडीनं जयसिंगपूरहून आली होती. गुडघ्यावर हात दाबत ती वर आली आणि पहिल्याच खुर्चीवर बसली.

"आक्का, कृपा तुझ्याजवळ काय बोलली?"

"कशाबद्दल?"

"माझ्याबद्दल."

"न्हाई बा. मटण किती, भाकरी किती, पाळकसाहेबांना तिखट चालतंय का, एवढंच."

"तेच की! माझ्याबद्दल कुणाजवळच काय बोलंना झालीया. देवाजवळपण न्हाई. अकरा दिस झालं."

धोंडुबाईला या घराची तऱ्हा ठाऊक होती. तिला जास्त समजावून सांगायची गरज नव्हती. तिचा चेहरा उतरला. "काय केलंस?"

"कायबी न्हाई. शपथ."

"मग तिच्या मनात कुणीतरी भरवलं असणार," भावाची बाजू घेत धोंडुबाई म्हणाली. "आणि ते कोण, ते बी मला म्हाईत हाय. तुझी लेक. कागलहनं मोठी गाडी घिऊन आलीया, बघितलीस? घरात आईची खोली म्हणून रंग दिऊन ठेवलाय म्हणं. जिन्याखाली कृपाची बॅग हाय, भरलेली. मी आत्ताच हात लावून बघितली, लय जड हाय. आज सभा झाली की निघणार."

सयाजीला एकदम काही कळेना. त्याच्या लग्नाचा वाढदिवस, त्याचीच बायको, आणि ती आज घर सोडून चाललीय हे त्याला बहिणीकडून समजत होतं. तो खाली उतरला तेव्हा जिन्याखालच्या बॅगेकडं न बघता पुढं जायचं त्यानं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

लेक क्रांती अंगणात पताका बांधत होती. तिचा नवरा राजवीर स्टूल धरून उभा होता.

"आईला न्यायला आलीयास व्हय?"

क्रांतीनं पताकेची गाठ मारली आणि मगच मान वळवली. "आईनं सांगितलं?"

"आक्कानं."

"म्हणजे आईनं न्हाई. मग तुम्ही आईलाच विचारा की, पप्पा."

"किती दिवसांसाठी?"

"तेपण तिलाच विचारा. मी फक्त ये म्हणालते. ती एका शब्दात तयार झाली, तेव्हा मीच चमकले."

एवढ्यात मुलगा यशराज पाण्याचे जार उतरवून आला. घराच्या वाटणीच्या वेळी गेल्या वर्षी हा बापाच्या बाजूनं बहिणीशी भांडला होता. आज तो बहिणीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "पप्पा, खरं सांगा. आईला काय लागेल असं बोललाय का?"

"मी? अरे, मी गेल्या दोन वर्षांत तिला काय बोललोच न्हाई!"

"ऐकलंस?" क्रांती भावाला म्हणाली. "स्वतःच्याच तोंडानं सांगतायत."

राजवीरनं जावयाला शोभेल अशा शहाणपणानं पताकांकडं बघत राहणं पसंत केलं. सयाजी घरात शिरला. आपल्याच घरात आपल्याला कुणी पाहुणा समजावं तसं त्याला वाटत होतं. सोप्यात संयोगिता गीतांची पुस्तकं पुसून लावत होती. ती उठली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "पप्पा, तुम्ही एक करा. आत जावा आणि आईंना दोन शब्द चांगले बोला. प्रार्थनेत न्हाई हं, तोंडावर."

सून आपल्या बाजूनं आहे या गोष्टीचं सयाजीला मोठं नवल वाटलं. "काय बोलू?"

"सकाळी सहापासून उभ्या हाईत त्या. पांढरा रस्सा स्वतः केलाय, मला हात लावू दिला न्हाई. तेवढं तरी म्हणा."

"म्हणतो की. त्यात काय एवढं," सयाजी म्हणाला, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन थबकला.

इथं सयाजीच्या नोकरीबद्दल सांगायला हवं, कारण पुढं जे झालं त्यात त्याच्या स्वभावाएवढाच त्याच्या नोकरीचाही दोष होता. शिरोलीच्या एका फौंड्रीत छत्तीस वर्षं तो माल तपासायला होता. ओतून थंड झालेला नग समोर यायचा, सयाजी त्याच्यावर छोटी हातोडी मारायचा आणि कान द्यायचा. बद्द वाजला की आत चीर आहे. मग लाल खडूची फुली मारायची आणि बाजूला टाकायचा. खणखणीत वाजला तर काहीच करायचं नाही, नग आपोआप पुढं जायचा. आयुष्यभर त्यानं फुल्या मारल्या. चांगल्या मालावर लावायची काही खूण असते हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि घरीही तो हाच खडू घेऊन यायचा.

स्वयंपाकघरात कृपा पातेल्यापाशी होती आणि धोंडुबाई ओट्याला टेकून कांदा सोलत होती. सयाजीनं घसा खाकरला. कृपानं वळून बघितलं नाही. त्यानं पळीनं रस्सा वाटीत घेतला, फुंकून तोंडाला लावला. रस्सा इतका छान झाला होता की त्याला खरोखर आनंद झाला. आणि त्या आनंदात त्याच्या हातानं हातातली पळी पातेल्याच्या काठावर टण्णकन मारली.

"काय खोट न्हाई यात," तो म्हणाला.

छत्तीस वर्षांत हे वाक्य त्यानं फार तर दोन नगांबद्दल उच्चारलं होतं. याच्या वर त्याच्याकडं काही नव्हतं.

कृपानं पदराला हात पुसले. "वन्सं," ती धोंडुबाईला म्हणाली, "सांगा त्यांना. खोट बघायची असली तर भाताचं पातेलंबी तिकडं हाय. त्याला बी वाजवून बघा म्हणावं."

"आक्का, मी चांगलं म्हणत होतो की! सांग तिला."

धोंडुबाईनं आधी भावाकडं बघितलं, मग भावजयीकडं. तिच्या हातातला कांदा तसाच राहिला. "मला काय पोस्टमन केलाय व्हय दोघांनी?" ती म्हणाली. "आणि सया, चांगल्याला चांगलं म्हणतात रं! चाळीस वरसं ही असंच ऐकत आली?" तिनं पाट ओढला, कृपाच्या शेजारी बसली आणि पाठ फिरवून कांदा चिरायला लागली. सकाळी गच्चीवर मिळालेली एक बहीणही सयाजीनं अशी घालवली.

पाच वाजता गच्ची भरली. पाळकसाहेब ऋतुराज वयानं लहान, चर्चच्या या मंडळीत येऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्यांनी नवऱ्यानं बायकोवर कशी प्रीती करावी, तो शास्त्रभाग वाचला. प्रीती पोटात ठेवून चालत नाही, ती बोलून दाखवावी लागते, असं दहा मिनिटं सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सयाजीनंही डोलावली, कारण सगळे डोलावत होते. हे आपल्यालाच सांगतायत की सर्वसाधारण सांगतायत, हे त्याला ठरवता येईना.

"आता साखळी प्रार्थना करूया," पाळकसाहेब म्हणाले. "एकानंतर एक. शेवटी काकी, आणि समारोप काका करतील."

डोळे मिटले गेले. साखळी यशराजपासून निघाली, क्रांतीकडं गेली, शेजाऱ्यापाजाऱ्यांतून फिरली. धोंडुबाईनं "माझ्या भावाला अक्कल" असं सुरू करून ते "आरोग्य आणि अक्कल" असं सावरून घेतलं. मग कृपाची पाळी आली. ती शेजारच्याच खुर्चीवर होती. तिच्या बांगड्यांचा आवाज सयाजीला ऐकू आला.

"हे स्वर्गीय बापा," कृपा नेहमीच्या प्रार्थनेच्या भाषेत बोलू लागली, "चाळीस वर्षं तू या घराला सांभाळलंस, तुझे उपकार मानते. मुलांसाठी, सुनेसाठी, जावयासाठी, नातवंडांसाठी तुझे उपकार मानते. वन्संच्या गुडघ्याला आराम दिलास, तुझे उपकार मानते. आणि..."

सयाजी सावरून बसला. खालच्या रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला. त्याचा आवाज पार नाहीसा झाला तरी कृपा गप्पच होती. कुणीतरी खोकलं. मग ती बोलली तेव्हा प्रार्थनेची भाषा सुटून गेली होती.

"देवा, मला सापडंना झालंय. बायकांच्या मंडळात पाळकीणबाईंनी सांगितलं, नवऱ्याची तक्रार देवाजवळ करू नका, आभार मानायला एक तरी गोष्ट शोधा. मी तुला शब्द दिला. तवापास्नं रोज सांजचं शोधतीया. घर बांधलं म्हणावं, तर खोल्या कशा पायजेत ते मला इचारलं न्हाई. पोरांना शिकवलं म्हणावं, तर त्याला लागलेल्या माझ्या शिवणकामाच्या पैशाचं कधी नाव घेतलं न्हाई. माझ्यावर हात कधी उगारला न्हाई म्हणावं, तर हात कधी धरलाबी न्हाई. प्रत्येकाच्या मागं 'पण' येतोय देवा. तुझ्यापुढं खोटं आभार कसं मानू? म्हणून नाव घेत न्हाई. राग न्हाई मला. राग असता तर बरं झालं असतं, त्याचं काय करायचं ते मला कळतंय. हे कळत न्हाई. चार दिस लांब जाऊन बघावं म्हणते. लांबनं तरी काय दिसतंय का."

तिनं आमेन म्हटलं नाही. साखळी सयाजीच्या हातात आली होती.

"हे स्वर्गीय बापा," तो म्हणाला, आणि पुढं काहीच येईना. ती रागावलेली नाही याचं त्याला आधी बरं वाटलं. मग लक्षात आलं की हे रागापेक्षा फार वाईट आहे. चाळीस वर्षं बरोबर राहिलेल्या बाईला शोधून एक गोष्ट सापडत नाही, आणि ती खोटं बोलणारी नाही हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्याला रडू येतंय की अपमान वाटतोय, तेही कळेना. काही सुचेना म्हणून त्यानं डोळे उघडले.

गच्चीवरच्या सगळ्या माना खाली होत्या. शेजारी कृपा डोळे मिटून बसली होती. प्रार्थना करताना ती कशी दिसते हे त्यानं आजवर बघितलंच नव्हतं, कारण त्या वेळी त्याचेही डोळे मिटलेले असायचे. पदराचं टोक तिनं मुठीत आवळून धरलं होतं. कानामागचे केस सगळे पांढरे झाले होते आणि ते कधी झाले याचा त्याला पत्ता नव्हता.

"कृपा," तो म्हणाला.

तिनं डोळे उघडले नाहीत, पण मान वळवली.

"मलाबी कळंना गं. फौंड्रीत चांगल्या मालावर आम्ही खूण करत न्हवतो. फुली मारायची ती खराब मालावर. चांगला माल गप पुढं जायचा. घरातबी मी तसंच करत गेलो. मी गप हाय म्हणजे सगळं झ्याक हाय, हे तुला ठावं असंल, असं मला वाटलं."

आता कृपानं डोळे उघडले. "मला कुठनं ठावं असणार? मी कधी आलते तुमच्या फौंड्रीत?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि गप झालं.

"न्हाई आलीस," सयाजी म्हणाला.

"मला फुल्या तेवढ्या दिसल्या. चाळीस वरसं."

"व्हय."

एवढ्या लांबलचक आयुष्यात तो तिला इतक्या सहज कधी 'व्हय' म्हणाला नव्हता. मागचापुढचा विचार न करता त्यानं विचारलं, "कागलला जाणार हाईस?"

"जाणार हाय."

"मला का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही इचारलं न्हाईसा."

"आता इचारतोय की."

"मग आता सांगितलं."

पाळकसाहेबांना अशा प्रार्थनेचं शिक्षण मिळालेलं नसावं. ते यशराजकडं वाकून कुजबुजले, "आमेन म्हणून टाकू का?"

"थांबा हो पाळकसाहेब," धोंडुबाई डोळे न उघडता म्हणाली. "अजून प्रार्थना चाललीया."

कृपा सयाजीकडं बघत होती. तिलाही आता पुढं काय करायचं ते समजत नसावं. मग तिनं पुन्हा डोळे मिटले. "देवा," ती म्हणाली, "आज यांनी मला इचारलं. माझ्याकडं बघून इचारलं. ह्याच्या मागं 'पण' न्हाई. ह्याबद्दल तुझं उपकार. आमेन."

चाळीस माणसांनी एवढ्या जोरात आमेन म्हटलं की खालच्या गल्लीतली दोन कुत्री भुंकायला लागली.

सयाजीला वाटलं, मिटलं सगळं. पंगतीत तो स्वतः भाकरी घेऊन फिरला, रस्सा चांगला झालाय असं सांगत सुटला, आणि जयसिंगपूरच्या भाच्यालाही त्यानं ते दोनदा सांगितलं. म्हणून सात वाजता क्रांतीनं जिन्याखालची बॅग उचलून गाडीत ठेवली तेव्हा तो भांबावला.

"आता कशाला?" तो फाटकाशी धावत आला. "नाव घेतलंस की."

"एक सापडलं," कृपा गाडीत बसत म्हणाली. "चाळीस वरसांत एक." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, आणि हसूही नव्हतं. "माहेरी जायची तवा तुम्ही एकदा तरी न्यायला आलासा? दर खेपेला बाबाच आणून सोडायचे. वाटंत म्हणायचे, कामं असतात गं जावईबापूंना. मी व्हय म्हणायची. ह्या खेपेला न्यायला या."

"कधी येऊ?"

"तेबी मीच सांगू?" तिनं काच वर केली.

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. सयाजी फाटकाची कडी हातात धरून उभा राहिला. ती त्याला सोडून गेली की त्याला बोलावून गेली, याचा त्याला उलगडा होईना. घरात कुणाला विचारावं, तर यशराज खुर्च्या मिटत होता. त्याला आता बापाचं वाईट वाटायला लागलं होतं. सयाजी आत गेला आणि खिळ्यावरची स्कूटरची किल्ली घेऊन बाहेर आला.

"पप्पा, कुठं निघाला?" संयोगितानं विचारलं.

"न्यायला."

"अहो, अजून गोकुळ शिरगावबी आलं नसंल त्यांचं! निदान चार दिवस राहू द्या की त्यांना. आत्ता गेलात तर चुकीचं वाटंल."

सयाजी थांबला. सुनेचं म्हणणं त्याला पटलं. पण चार दिवस इथं काय करायचं, हे त्याला समजेना. "आक्का," त्यानं पायरीवर बसलेल्या बहिणीला विचारलं, "आत्ता गेलो तर चुकंल का?"

"मला काय ठावं?" धोंडुबाई म्हणाली. "उशीर करून चाळीस वरसं बघितलास. एकदा लवकर जाऊन बघ."

तावडे हॉटेलच्या पुढं हायवेवर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती आणि तिच्यात राजवीरची गाडी अडकलेली सयाजीला लांबूनच दिसली. पुढं जाऊन हात करावा असं एकदा त्याच्या मनात आलं. पण हात करून काय सांगायचं ते ठरलं नव्हतं, म्हणून तो मागंच राहिला. मागच्या काचेतून कृपाचा अंबाडा दिसत होता. अठरा किलोमीटर तो त्या अंबाड्यामागं स्कूटर हाकत राहिला. काय बोलायचं याची जुळवाजुळव त्यानं कागलपर्यंत केली आणि कागल आल्यावर ती सगळी विसरून गेला.

क्रांतीच्या दारात कृपा गाडीतून उतरली आणि मागं स्कूटर थांबलेली बघून जागच्या जागी उभी राहिली.

"आलासा?"

"व्हय. न्यायला."

"अजून मी उंबरा बी ओलांडला न्हाई."

"ओलांड की. राहा चार दिस. मी थांबतो."

"कुठं? हितं दारात?"

"ते काय ठरवलं न्हाई अजून," सयाजी म्हणाला. त्याला एवढंच दिसलं की राजवीरनं काढलेली जड बॅग ती उचलायला वाकलीय. त्यानं पुढं होऊन ती तिच्या हातातून घेतली. घेतली खरी, पण ती घरात न्यायची की स्कूटरवर ठेवायची हे त्याला कळेना, म्हणून बॅग धरून तो तसाच उभा राहिला.

"आत न्या," कृपा म्हणाली. "न्यायला आलेल्या माणसाला आधी चहा द्यायचा असतो."